मेंब्रेन किती दिवस टिकावी, याआधी ती कुठे बसणार ते ठरवा

ग्वाल्हेरहून एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे, मेंब्रेनबद्दल. जबड्याचं हाड वाढवताना हिरडी आणि नवं हाड यांच्या मध्ये ठेवायचा पातळ पडदा म्हणजे मेंब्रेन. ती बहुधा कोलॅजेन या प्रथिनाची असते. थोडक्यात असा: "साधी कोलॅजेन मेंब्रेन महिना-दीड महिन्यात विरघळते, आणि हाड तयार व्हायला सहा महिने लागतात. मग क्रॉस-लिंकिंग करून ती सहा महिने टिकेल अशी केली तर हाड जास्त मिळेल ना? थीसिससाठी कोणतं रसायन घेऊ? ग्लुटरअल्डिहाइड स्वस्त आहे, ईडीसी महाग पडतं, जेनिपिनबद्दलही वाचलंय."

मी इंदूरला ओरल सर्जरी करते. रामबागेजवळ दवाखाना आहे, २२ वर्षं होतील. मेंब्रेन बनवणं हे माझं काम नाही, ती वापरणं आहे. पण दोन-तीन विद्यार्थ्यांच्या थीसिसमध्ये सह-मार्गदर्शक होते, तेव्हा लॅबमधली बाजूही जवळून पाहिली. त्या दोन्ही अनुभवांवरून लिहिते.

तुमचं गणित वरवर बरोबर दिसतं. हाडाला सहा महिने, मेंब्रेनला दीड महिना, म्हणजे साडेचार महिने हाड उघड्यावर. पण हाड सहा महिने एकाच चालीने बनत नाही. आधी रक्ताची गुठळी, मग तिच्यात शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, आणि दोनेक आठवड्यांत जुन्या हाडाच्या कडेने कोवळं हाड दिसू लागतं. पुढचे बरेचसे महिने ते कोवळं हाड पक्कं होण्यात जातात. हिरडीच्या पेशी मात्र पहिल्याच आठवड्यांत धावत सुटतात. त्यांना थोपवणं हे मेंब्रेनचं पहिलं काम, आणि त्याची निकड सुरुवातीला सगळ्यात जास्त असते. छोट्या, भिंतींनी वेढलेल्या खड्ड्यात चार-सहा आठवड्यांचा अडथळा पुष्कळ होतो. मोठ्या, एका बाजूने पूर्ण उघड्या जागेत नवं हाड कडेपासून मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून तिथे अडथळा जास्त काळ हवा. तेव्हा "किती दिवस" याचं उत्तर खड्ड्याच्या आकारावर आहे. सगळ्यांना लागू पडेल असा आकडा मी तुम्हाला देणार नाही, आणि कोणी दिला तर घेऊ नका.

या कल्पनेचं मूळ माहीत असलेलं बरं. १९७६ मध्ये मेल्चर यांनी मांडलं की जखमेत कोणत्या पेशी आधी पोचतात, त्यावर तिथे काय तयार होणार हे ठरतं. १९८२ मध्ये नायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या दातावर हे करून पाहिलं, आणि तेव्हा अडथळा म्हणून त्यांनी लॅबमधला गाळणीचा कागद वापरला होता. १९८८ मध्ये दालिन यांनी उंदरांच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी आरपार भोकं पाडली आणि एकाच बाजूचं भोक टेफ्लॉनच्या पडद्याने झाकलं. झाकलेलं भोक सहा आठवड्यांत हाडाने भरून आलं, उघडं ठेवलेलं २२ आठवड्यांनीही जवळपास तसंच राहिलं. त्यानंतर बरीच वर्षं टेफ्लॉनचंच राज्य होतं. पण टेफ्लॉन विरघळत नाही. काढायला दुसरं ऑपरेशन करावं लागतं, आणि मध्येच हिरडी उघडली की जंतू आत शिरतात आणि सगळं काढून टाकायची वेळ येते. कोलॅजेन आलं ते या दोन त्रासांवर उपाय म्हणून. ते आपोआप जातं, आणि उघडं पडलं तरी त्याच्यावर हिरडी चढते. हे दोन गुण ध्यानात ठेवा, कारण मेंब्रेन जास्त टिकाऊ करण्याच्या नादात पहिला आघात नेमका यांच्यावरच होतो.

आता ती विरघळते कशी ते पाहू. कोलॅजेनचा रेणू म्हणजे तीन पेडांची घट्ट वेणी. या वेणीचा नमुना १९५४ मध्ये मद्रासला बसून रामचंद्रन आणि कार्था यांनी मांडला. आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. वेणी घट्ट असल्यामुळे शरीरातली बहुतेक विकरं तिला कापू शकत नाहीत. कोलॅजिनेज म्हणवणारी मोजकीच विकरं ते करतात, आणि तीही एका ठरावीक जागी. रेणूचे दोन तुकडे पडतात, एक तीन चतुर्थांश, दुसरा एक चतुर्थांश. तुकडे पडले की शरीराच्या उष्णतेलाच वेणी सुटते, कोलॅजेनचं जिलेटिन होतं, आणि मग बाकीची विकरं ते भराभर संपवतात. सुजलेल्या हिरडीत हीच विकरं भरपूर असतात. शिवाय पेरिओडोन्टायटिस (हिरडी आणि दाताभोवतीच्या हाडाचा आजार) घडवणारे पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जंतू स्वतःची विकरं घेऊन येतात ते वेगळंच. म्हणजे तीच मेंब्रेन, त्याच पाकिटातली, स्वच्छ बंद जखमेत दोन महिने राहील आणि घाणेरड्या उघड्या तोंडात दहा-बारा दिवसांत नाहीशी होईल. अनियंत्रित मधुमेह असलेल्या उंदरांत ती लवकर झिजते हे प्रयोगात दिसलंय, आणि रुग्णांत मला तसंच वाटत आलंय.

क्रॉस-लिंकिंग म्हणजे या वेण्यांना एकमेकींशी जास्तीच्या गाठी मारणं. तुम्ही विचारलेली तिन्ही रसायनं हेच करतात, फक्त गाठ वेगवेगळी असते. ग्लुटरअल्डिहाइड दोन पेडांच्या मध्ये स्वतः पूल होऊन बसतं. पुढे मेंब्रेन झिजू लागली की ते पुन्हा बाहेर पडू शकतं आणि पेशींना मारक ठरतं. स्वस्त असलं तरी तोंडात बसवायच्या वस्तूसाठी मी ते सुचवणार नाही. ईडीसी पेडांच्या बाजूच्या फांद्या थेट एकमेकींना जोडतं, स्वतः मध्ये राहत नाही, आणि त्यातून निघणारा पदार्थ पाण्याने धुऊन जातो. महाग पडलं तरी थीसिससाठी तेच घ्या. ते कमी प्रमाणातही वापरता येतं, आणि किती गाठी मारायच्या हे तुमच्या हातात राहतं. जेनिपिन अनंताच्या फळापासून मिळतं, ग्लुटरअल्डिहाइडपेक्षा पुष्कळच सौम्य आहे, पण कोलॅजेनला गडद निळा रंग चढवतं. दाढेच्या भागात त्याने काही बिघडत नाही. वरच्या पुढच्या दातांवर, जिथे हिरडी कागदासारखी पातळ असते, तिथे ती निळाई दिसेल का, हा प्रश्न तुमच्या परीक्षकांपैकी एखादा सर्जन नक्की विचारेल. उत्तर तयार ठेवा.

आता गाठी वाढल्या की काय होतं ते सांगते. हे मी पुस्तकातून शिकले नाही.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एका बाईंना खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायचं होतं. हाडाची रुंदी कमी होती. "सहा महिने टिकणारी" म्हणून विकली जाणारी क्रॉस-लिंक केलेली मेंब्रेन मी हौसेने मागवली. ऑपरेशन छान झालं. बाराव्या दिवशी टाके काढताना मधोमध तांदळाएवढी फट दिसली आणि आत पिवळट राखाडी मेंब्रेन. साधी मेंब्रेन असती तर मला काळजी वाटली नसती. अशा फटी मी कितीदा पाहिल्यात, क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावून, स्वच्छ ठेवून तीन-चार आठवड्यांत भरून येतात. या वेळीही तेच केलं. फट भरली नाही, वाढली. मेंब्रेन चामड्यासारखी तशीच बसून होती, हिरडी तिच्यावर चढायलाच तयार नव्हती. पाचव्या आठवड्यात कडेने पू आला. उघडलं तर मेंब्रेन एका तुकड्यात चिमट्याने निघून आली आणि खालचे ग्राफ्टचे (हाड वाढवण्यासाठी भरलेले) दाणे वाळूसारखे सुटे. त्या बाईंनी एका शब्दाने तक्रार केली नाही, उलट मलाच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." त्या रात्री मला झोप लागली नाही.

एका रुग्णावरून नियम बनवू नये, हे मला कळतं. पण नंतर वाचलं तेव्हा अनेक अभ्यासांतही क्रॉस-लिंक मेंब्रेन उघड्या पडण्याचं प्रमाण साध्या मेंब्रेनपेक्षा जास्त आढळलेलं दिसलं. कारण समजण्यासारखं आहे. गाठी घट्ट झाल्या की पेशींना आत शिरायला वाट राहत नाही, रक्तवाहिन्या उशिरा पोचतात, आणि वरच्या हिरडीला खालून रक्त कमी मिळतं. याला अपवादही आहेत. राईबोज साखरेने जोडलेल्या मेंब्रेन उघड्या पडूनही तग धरतात असा पुष्कळांचा अनुभव आहे. तेव्हा क्रॉस-लिंकिंग वाईट असं मी म्हणत नाही. गाठीचा प्रकार आणि गाठींची संख्या या दोन्हींवर ते अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला तरुणपणी कोणी शिकवली नाही. आम्हाला शिकवलं होतं की मेंब्रेन म्हणजे भिंत, पेशींना अडवायचं आणि बस्स. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी प्राण्यांवर दाखवलं की कोलॅजेन मेंब्रेनच्या आत पेशी शिरतात, वस्ती करतात आणि तिथून बीएमपी-२ सारखी हाड वाढवणारी प्रथिनं सोडतात. म्हणजे मेंब्रेन स्वतः हाड बनवण्याच्या कामात सामील आहे. पेशींना शिरताच येणार नाही इतकी घट्ट विणली, तर हे काम तुम्ही आपल्या हाताने बंद पाडाल. माझ्या मते तुमच्या थीसिसचा गाभा इथे असायला हवा: हाडाकडच्या बाजूला मोकळी, हिरडीकडच्या बाजूला दाट, आणि गाठी फक्त दाट बाजूला. बाजारातल्या काही साध्या मेंब्रेनची रचना अशीच दुपदरी असते, एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरबरीत. पण क्रॉस-लिंकिंग करताना आपण अख्खी मेंब्रेन द्रावणात बुडवतो आणि दोन्ही बाजू सारख्याच करून टाकतो.

थोडं थांबून माझ्या टेबलाकडे या, कारण मेंब्रेन कुठे हरते हे तिथे दिसतं.

माझ्याकडे जी प्रकरणं फसली, त्यातली बरीचशी मेंब्रेन लवकर विरघळल्यामुळे फसलेली नाहीत. ती फसली कारण ग्राफ्ट जागेवरून सरकलं, किंवा टाक्यांवर ताण आला. रुंदी वाढवण्यासाठी रिजच्या (दात गेल्यावर उरलेल्या हाडाच्या कण्याच्या) बाहेरच्या अंगाला दाणे रचले, त्यावर मेंब्रेन पांघरली, सगळं कसं गोलसर आणि भरदार दिसतं. मग फ्लॅप, म्हणजे कापून उचललेली हिरडी, वर ओढून टाके घालायला लागलो की तो दाबाने वरचा भाग चपटा करतो आणि दाणे खाली घसरतात. प्राण्यांच्या जबड्यांवर टाके घालण्याआधी आणि नंतर सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे) काढून लोकांनी हे मोजलंय. नेमकी जिथे रुंदी हवी असते, रिजच्या माथ्यावर, तिथेच ती कमी होते. पिना मारून मेंब्रेन ताणून बसवली की हे घसरणं खूप कमी होतं. हंगेरीचे सर्जन अर्बन हे तंत्र "सॉसेज" म्हणून शिकवतात. मेंब्रेन दाण्यांवर इतकी ताणून बसवायची की आत काही हलूच नये. यासाठी ती ओली असताना ताण सोसणारी हवी, पिनेच्या भोकापासून फाटायला नको. किती महिने टिकते हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि इथेच बहुतेक मेंब्रेन दगा देतात. पाकिटातून काढली तेव्हा पुठ्ठ्यासारखी कडक असते. टाक्यांच्या पाकिटातल्या चकचकीत कागदाचा मी आधी साचा कापते, तो हाडावर ठेवून पाहते, खड्ड्याच्या कडेच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर येईल असा. मग त्या मापाने कोरडी मेंब्रेन कापते. सलाईनमध्ये भिजवत नाही, कोरडीच ठेवते, रक्त तिच्यात आपोआप चढतं आणि ती हाडावर चिकटते. पण मिनिटभरात ती भिजलेल्या पापडासारखी लुळी पडते. एकदा बसवली की पुन्हा उचलून सरकवता येत नाही, कोपरा दुमडतो, फाटतो. ओल्या मेंब्रेनचा हा लुळेपणा कोणी कमी केला, तर मी त्याचे पाय धरीन. त्यासाठी सहा महिने टिकाऊपणाचा त्याग करायला मी आनंदाने तयार आहे.

बाकी मी काय वापरते ते थोडक्यात सांगते, म्हणजे माझं बोलणं कशावरून येतंय ते कळेल. दात काढल्यावरचा भिंती शाबूत असलेला सॉकेट असेल तर साधी एकपदरी. रुंदी वाढवायची असेल तर साधीच, पिना मारून, खाली रुग्णाचं स्वतःचं खरवडलेलं हाड आणि बाजारातले दाणे मिसळून. कधी दोन पदर, एकावर एक. उंदरांवरच्या प्रयोगात दोन पदर ठेवल्यावर तेवढ्याच काळानंतर जास्त कोलॅजेन शिल्लक राहिलं, आणि हा उपाय कुठल्याही रसायनाशिवाय होतो. उंची वाढवायची असेल तर नुसत्या कोलॅजेनवर मी भिस्त ठेवत नाही, कितीही टिकाऊ असो. तिथे आतून आधार लागतो, टायटॅनियमची जाळी किंवा टायटॅनियम घातलेलं दाट टेफ्लॉन. कोलॅजेन छप्पर होऊ शकतं, खांब होऊ शकत नाही.

फ्लॅप सैल करण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण न सांगता राहवत नाही. फ्लॅपच्या आतल्या पेरिऑस्टियमवर (हाडाच्या आवरणावर) नवी १५ नंबरची ब्लेड घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच अखंड रेघ. मग फ्लॅप चिमट्याने धरून समोरच्या कडेच्या पलीकडे पाच मिलिमीटर सहज जातो का पाहायचं. ओढावा लागला, तर अजून सैल करायचा. आमच्या माळव्यात गुटखा आणि सुपारी खाणारे रुग्ण पुष्कळ. ज्यांच्या गालाच्या आतली त्वचा सबम्युकस फायब्रोसिसने पांढरी आणि ताठ झालीय, त्यांचा फ्लॅप कितीही सोडवला तरी येत नाही. अशा तोंडात जगातली सर्वोत्तम मेंब्रेनही उघडी पडेल. मी त्यांना रुंदी वाढवण्याचं ऑपरेशन करायला सहसा नकार देते आणि ब्रिजकडे किंवा छोट्या इम्प्लांटकडे वळवते. तसंच ज्यांची साखर आटोक्यात नाही, त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवते आणि तीन महिन्यांनी परत बोलावते. हे तीन महिने मेंब्रेनवर केलेल्या कुठल्याही सुधारणेपेक्षा जास्त फळ देतात.

आणि शेव! इंदूरच्या माणसाला सकाळी पोह्यांवर शेव नसेल तर दिवस उगवत नाही. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी एक गृहस्थ आले, हिरडीला सूज. टाक्यांच्या गाठीखाली शेवेचा तुकडा रुतलेला, अगदी सुईसारखा उभा. तेव्हापासून मी कागदावर लिहून देते: दोन आठवडे शेव, फुटाणे, चिवडा बंद, गुरगुट्या भात आणि मुगाचं वरण. आणि हे रुग्णाला सांगण्यापेक्षा त्याच्या घरच्यांना सांगते.

इथवरचं एकत्र करायचं तर: मेंब्रेनचं काम सुरुवातीच्या आठवड्यांत सर्वांत जास्त आहे, ती फसते ती बहुधा सरकण्याने आणि उघडी पडण्याने, आणि अति क्रॉस-लिंकिंगमुळे उघडी पडण्याचा धोका वाढतो. म्हणून तुमच्या थीसिसचा प्रश्न "सहा महिने कशी टिकवू" ऐवजी "ओली असताना मजबूत, पण रक्तवाहिन्यांना मोकळी कशी ठेवू" असा बदला, असं माझं सांगणं आहे.

लॅबमध्ये काय करता येईल याचे काही रस्ते. कोलॅजेनच्या धाग्यांत नॅनो आकाराचं हायड्रॉक्सिअपेटाइट हे खनिज बसवलं तर कडकपणा वाढतो आणि तो हाडाच्या ओळखीचा पदार्थ आहे. प्रमाण जास्त झालं की मात्र मेंब्रेन ठिसूळ होते, वाकवताना तडकते. टेट्रासायक्लिनमध्ये भिजवलेली मेंब्रेन उंदरांत हळू झिजते, कारण ते औषध जंतूंना मारण्याशिवाय कोलॅजिनेजलाही आवर घालतं. हायलुरोनिक आम्लात भिजवल्यावर मधुमेही उंदरांत झीज कमी झालेली दिसली आहे. माझ्या नजरेला हे दोन्ही रस्ते जास्त आशादायक वाटतात, कारण यांत विकरांचा मारा कमी होतो आणि वेणी आहे तशी राहते. कायमच्या गाठी मारण्यापेक्षा हे मला पटतं.

एका सापळ्यापासून मात्र सांभाळा. हल्ली इलेक्ट्रोस्पिनिंग करून (विजेच्या दाबाने द्रावणाचे धागे ओढून) कोलॅजेनचे नॅनो धागे काढण्याची पद्धत विद्यार्थ्यांना फार आवडते, फोटो सुंदर येतात. पण त्यासाठी कोलॅजेन ज्या फ्लोरिनयुक्त अल्कोहोलमध्ये विरघळवतात, त्याने वेणी सुटते आणि हाती येतं ते जिलेटिन, कोलॅजेनच्या भावात. मायक्रोस्कोपखाली धागे छान दिसतात म्हणून गाफील राहू नका. डीएससी (नमुना तापवत नेऊन तो किती उष्णता घेतो ते मोजणारी चाचणी) करून आकुंचनाचं तापमान पाहा. ओलं, साधं कोलॅजेन ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या आसपास आकसतं, ईडीसीच्या गाठी मारल्यावर हे तापमान वर सरकतं. तो टप्पाच दिसला नाही, तर तुमच्या हातात कोलॅजेन उरलेलं नाही.

दुसरी काळजी झिजण्याच्या चाचणीची. बहुतेक जण कोलॅजिनेजच्या द्रावणात मेंब्रेन ठेवून वजन घटतं कसं ते मोजतात. बाजारात मिळणारं ते विकर क्लॉस्ट्रिडियम जंतूचं असतं. माणसाचं विकर वेणी एका जागी कापतं, हे जंतूचं विकर अनेक जागी. म्हणून त्या चाचणीत "सात दिवस टिकली" याचा अर्थ तोंडात अमुक आठवडे टिकेल असा काढता येत नाही. दोन मेंब्रेनमध्ये तुलना करायला ती चाचणी चांगली आहे, त्यापुढे तिच्यावर काही लादू नका. निर्जंतुकीकरणही चाचणीआधी करा, नंतर नको. गॅमा किरणांनी वेणीचे तुकडे पडू शकतात आणि नव्या गाठीही बसू शकतात. न निर्जंतुक केलेल्या मेंब्रेनचे आकडे रुग्णाच्या तोंडात जाणाऱ्या मेंब्रेनला लागू होत नाहीत.

पेशींवरच्या चाचणीत दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा, हिरडीकडच्या बाजूवर फायब्रोब्लास्ट (हिरडीतल्या पेशी), हाडाकडच्या बाजूवर ऑस्टिओब्लास्ट (हाड बनवणाऱ्या पेशी). बरेच थीसिस एकाच बाजूवर एकच पेशी वाढवून मोकळे होतात, आणि मग मेंब्रेन पेशींना कुठून शिरू देते, कुठून अडवते, हे कळायला वाव राहत नाही. प्राण्यांवर जाणार असाल, तर समितीच्या परवानगीला लागणारा वेळ आधीच धरून चाला. उंदराच्या कवटीतल्या आठ मिलिमीटरच्या भोकाचा नमुना सर्वमान्य आहे, पण तिथे वर लाळ नाही, जंतू नाहीत, चावण्याचा दाब नाही. तिथे यशस्वी झालेली मेंब्रेन तोंडात उघडी पडली तर काय होईल, हे ती कवटी सांगत नाही.

कच्चा माल निवडताना आणखी एक विचार करा, आणि हा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. कोलॅजेन येतं कशापासून? बहुतेक डुकराच्या त्वचेपासून किंवा पोटाच्या आतल्या पडद्यापासून, नाहीतर गाई-बैलांच्या टाचेच्या स्नायुबंधापासून. माझ्याकडे येणाऱ्यांत जैन आहेत, बोहरी आहेत, वैष्णव मारवाडी आहेत, एकादशी करणाऱ्या आमच्या मराठी आज्या आहेत. मी प्रत्येकाला मेंब्रेनचं मूळ सांगते आणि संमतीपत्रावर मराठीत किंवा हिंदीत लिहून घेते. एका वृद्ध जैन गृहस्थांनी ऐकून घेतलं, दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "मग राहू द्या डॉक्टर, कवळी चालेल." मी तो निर्णय मान्य केला. हे त्यांना नंतर कळलं असतं तर मी स्वतःला क्षमा केली नसती. माशाच्या त्वचेचं कोलॅजेन काहींना चालतं, पण थंड पाण्यातल्या माशांची वेणी कमी तापमानाला सुटते, म्हणून तिथे थोड्या गाठी माराव्याच लागतात. क्रॉस-लिंकिंगला खरं कारण कुठे आहे म्हणाल, तर इथे आहे. तुमच्या गाईडना हा विषय सुचवून पाहा.

आणि सुरुवात रसायनाने करू नका. पहिल्या आठवड्यात कुठलंही रसायन न लावलेली मेंब्रेन घ्या, सारख्या मापाच्या दहा पट्ट्या कापा. ३७ अंशांच्या सलाईनमध्ये अर्धा तास ठेवा. कडेपासून दोन मिलिमीटरवर ५-० या बारीक दोऱ्याचा टाका घाला आणि यंत्रावर ओढून कितव्या न्यूटनला फाटते ते लिहून ठेवा. तशाच दहा कोरड्या पट्ट्यांवर तेच पुन्हा करा. हे वीस आकडे हाताशी असले की पुढे तुम्ही जे काही बदलाल, त्याने ओल्या मेंब्रेनची ताकद वाढली की फक्त कोरडीची, हे तुम्हाला लगेच कळेल. ते आकडे इथे टाका, मी नक्की पाहीन.